ती काळी पाच नव्हती, यशोदे

यशोदे, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला एकेक माणूस उठून काय काय बोलत होता, ऐकायला तू हवी होतीस. एक जण म्हणाला, ताई फार मितभाषी होत्या. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, थोरली जाऊ रडतीय. मितभाषी! खिडकीच्या जागेवरून कंडक्टरशी पौडापासून मुळशीपर्यंत भांडत आलेली बाई तू! दुसरा म्हणाला, ताईंना रागावलेलं कधी पाहिलं नाही. त्यानं तुला पाहिलंच नसणार, दुसरं काय?

मग तो कॅसेटवाला उठला. म्हणाला, "घशाचं एवढं ऑपरेशन झालं, पण ताईंचा आवाज एक दिवस काळी पाचवरून खाली आला नाही." मंडपात टाळ्या पडल्या. अशा कार्यक्रमात टाळ्या वाजवत नाहीत, तरी पडल्या, आणि सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. कारण तुझ्या गाण्याला पेटी माझी. मी मान हलवली. होय म्हणून हलवली. तेव्हापासून घास गिळवत नाही मला. म्हणून आज कागद घेऊन बसलीय.

कुणी तिसऱ्यानं हे वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगते. काळी पाच ही पेटीवरची वरच्या अंगाची काळी पट्टी. गाणारा आपला सा ज्या पट्टीवर धरतो, ती त्याची पट्टी. भल्याभल्या गाणाऱ्या बायका तिच्या खालीच राहतात. तू तिथं सा धरायचीस आणि तिथून वर निघायचीस. वर कुठंपर्यंत जाणार हे तुझं तुलाही ठाऊक नसायचं. पेटीवर बसलेली मी दरवेळी मनात 'थांब' म्हणायचे आणि दरवेळी तू हसत खाली उतरायचीस.

तू या घरात आलीस तेव्हा माझं कुंकू जाऊन दोन वर्षं झाली होती. माझ्या बापाची गायन पार्टी होती. मुलगा नव्हता, म्हणून त्यानं पेटी मला शिकवली आणि जयंतीला गावोगाव घेऊन फिरला. लग्नातही मला पेटीच दिली. तुझे थोरले दीर गेले आणि सासूबाईंनी ती गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली. दुष्टपणानं नव्हे. त्यांना वाटलं, आता हिला काय करायचीय. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. तू एकोणीस वर्षांची, भाताच्या आवणीला पहिल्यांदा आमच्या खाचरात उतरलीस आणि गाणं धरलंस. पलीकडच्या खाचरातल्या बाया हातात रोपांची जुडी घेऊन तशाच ओणव्या राहिल्या. त्यांचा मालक बांधावरून ओरडत सुटला. मी तुझ्या शेजारी चिखलात उभी होते, आणि माझी बोटं चिखलातच तुझा सूर शोधत होती. हे तुला कधी सांगितलं नाही.

जत्रेचं नाटक आठवतं ना? न आठवायला काय झालं, आयुष्यभर तेच सांगत आलीस, आणि दरवेळी कुसुमबाईंची नक्कल करून. गावात दरसाल संगीत नाटक व्हायचं. बाप्यांची कामं गावातले बाप्ये करायचे आणि बाईच्या कामाला पुण्याहून नटी आणायची, सगळ्याच गावांची तेव्हा ती रीत होती. त्या साली कुसुमबाई आल्या आणि एसटीतून उतरताना त्यांचा घसा बसला. बोलणं कसंबसं फुटत होतं, गाणं मुळीच नाही. नाटक मंडळाचे मास्तर गावाबाहेरच्या आपल्या वस्तीत आले. तुझं गाणं त्यांनी जयंतीला रस्त्यावर उभं राहून ऐकलं होतं.

"धाकट्या सुनेला गाऊ द्या," म्हणाले. "विंगेतून. बाई तोंड हलवतील."

"विंगेतून," सासूबाई म्हणाल्या.

"विंगेतूनच."

"आवाज चालतोय व्हय रं तुमाला?"

मास्तरांनी खाली बघितलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला मंडळ सांभाळायचं होतं. जत्रेच्या रंगमंचावर आपल्या वस्तीतलं तोंड नको होतं, एवढंच त्याला सांगून पाठवलं होतं. मला वाटलं तू उखडणार. तू चुलीपुढून उठलीस, हात पुसलेस आणि म्हणालीस, "गाती की. पर पेटी आमच्या आक्काची."

"पेटीवाला आहे आमचा."

"मग त्यालाच गायला लावा."

सासूबाई उठल्या. शिडी लावली, स्वतः माळ्यावर चढल्या आणि पेटी खाली काढून दिली. भात्याला उंदरानं एक भोक पाडलं होतं, ते मी खळ लावून कापडानं चिकटवलं. इतक्या वर्षांनी पहिला सूर निघाला तेव्हा आपण तिघीही पेटीकडंच बघत बसलो होतो.

आणि मग तो तट्ट्याचा आडोसा! आपण दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या. मी काळी चार धरली. तू म्हणालीस, "चढव." मी म्हणाले, "घसा फाटंल." तू म्हणालीस, "चढव म्हणते ना!" आपलं पहिलं भांडण ते. पुढं जन्मभर हेच भांडलो, तू चढव म्हणायचं आणि मी थांब म्हणायचं. त्या दिवशी तू जिंकलीस. काळी पाच. तू वर गेलीस आणि अख्खी जत्रा गप झाली. पाळणावाल्यानं पाळणा थांबवला म्हणे. आणि कुसुमबाई! बिचाऱ्या ऐकता ऐकता तोंड हलवायचंच विसरल्या. मिटल्या तोंडानं तुझ्याकडं, म्हणजे तट्ट्याकडं, बघत उभ्या! पुढच्या ओळीतला एक बाप्या ओरडला, "अरं, बाईचं तोंड मिटलंय आन् गाणं चालूच हाय!"

हशा पिकला. मास्तरांचे डोळे पांढरे झाले. पण कुसुमबाई पक्की रंगभूमीची बाई. सरळ विंगेत आल्या, तुझं मनगट धरलं, तुला बाहेर ओढून उभं केलं आणि त्या बसक्या घशानं म्हणाल्या, "गातेय ती ही." सगळं चिडीचूप. मी पेटी पोटाशी धरली. आता काय होतंय, कोण दगड उचलतंय. आणि पार मागून, घोंगडी पांघरलेला एक मेंढक्या उठला. "पयल्यापास्नं घ्या की! आमाला हितं नीट आलं न्हाई ऐकू!"

मग जो कल्ला झाला! वन्स मोर, वन्स मोर! तू प्रेक्षकांकडं नाही वळलीस, आडोशाकडं वळलीस. "आक्का, पेटी घिऊन भाईर ये. हितं लई जागा हाय." मी आले. गावानं आपल्याला डोक्यावर घेतलं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी मंडळात वादावादी झाली, दोघांनी वर्गणी परत मागितली. पण त्या घटकेला गावानं तुझं गाणं चार वेळा ऐकलं, आणि मी काळी पाचवर चार वेळा वाजवलं. यशे, मी जिवंत आहे हे मला त्या दिवशी कळलं.

कुसुमबाईंनीच पुण्याला आपल्या नाटक कंपनीच्या मालकांना सांगितलं. मालक तुला ऐकायला आले, ऐकून उठून उभे राहिले, आणि तू पुन्हा तोच हट्ट धरलास. पेटी आक्काची, न्हाईतर मी न्हाई. बाई पेटीवर? मालकांना ते झेपेना. दोन दिवस विचार करून हो म्हणाले. तुझा नवरा तेव्हा उरवड्याला कारखान्यात लागला होता, आणि तुमची पोर अजून लहान होती. त्याला लोक नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, "जा तुमी दोगी. पोरीला मी बघतो." इतका चांगला नवरा तुला मिळाला आणि तू त्याच्या आमटीला नावं ठेवायचीस. आंबट नको, तेलकट नको, थंड नको, गाणाऱ्या बाईला किती पथ्यं सांगितलेली असतात! आणि तू प्रयोगाच्या दिवशी धरणातल्या माशाचं चिंचेचं कालवण ओरपून यायचीस.

मालकांनी तुझी भाषा सुधारायला घेतली. 'न्हाई' नको, 'नाही' म्हणा. माझी सुधारली, कारण मी विंगेत बसून ऐकत होते. तुझी फक्त रंगमंचावर सुधारली. तिथं तू अशी बोलायचीस की सदाशिव पेठेनं कान टवकारावेत, आणि विंगेत आलीस की, "आक्का, लुगडं आडाकलंय, वढ!" एकदा घसरलीसच. राजकन्या होतीस, आणि राजपुत्रानं विचारल्यावर तोंडातून 'व्हय' निघून गेलं. थेटर हसलं. तू थांबलीस. त्यांना पोटभर हसू दिलंस. मग पद उचललंस आणि पहिल्याच तानेला अशी वर गेलीस की हसायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं की ही आमच्या घरातली आहे, हिच्या घरात मी राहते.

पाच वर्षं अशी गेली. मग तुझ्या घशाला गाठ झाली.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा महिने गाणं बंद ठेवायला सांगितलं. तू सहा महिने गप्प बसलीस, आणि घरातली भांडी वाजवून वाजवून आमचं डोकं उठवलंस. कंपनीत तोवर दुसरी मुलगी तुझी पदं बसवत होती. मालकांनी तुला एकच प्रयोग दिला, रविवारी दुपारचा. तो झाला तर तू राहणार, नाही तर ती येणार. शनिवारी तालमीला तू काळी पाचवर गायलीस आणि वर आवाज फाटला. दुसऱ्यांदा फाटला, तिसऱ्यांदाही फाटला. सगळे खाली बघायला लागले. तू हसलीस. "उद्या फाटला तर सरळ घरी जाऊ, आक्का. आवणीला तसंबी हात कमी पडत्यात."

मी म्हणाले, "पट्टी उतरवू. अर्ध्या सुरानं कुणाला काय कळतंय?" तू अशी चवताळलीस! "मला कळंल. माझा घसा गेला तर गेला म्हणून गाईन, पर उतरून गाणार न्हाई. तू उतरवलीस तर तुझ्यासंगं बोलणं बंद." तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी बरं म्हणाले.

रविवारी सकाळी मी आपल्या तबलजींना, गफूरभाईंना, गाठलं. म्हणाले, "तबला पांढरी सहाला लावा." काळी पाचच्या शेजारचीच, अर्धा सूर खाली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हातातला चहा संपवला आणि हातोडी उचलली.

पडदा वर गेला. मी पांढरी सहाचा सूर धरला. तू डोळे मिटले होतेस. मला वाटलं, आत्ता ओळखशील, आत्ता वळशील. पण ज्या सुरात पेटी धरली त्या सुरात तू शिरलीस. आणि ती जागा आली, जिथं आदल्या दिवशी तीनदा फाटला होता, आणि आवाज वर गेला. सरळ, नितळ, कुठं चरा नाही! थेटर उभं राहिलं, यशे! तीन वन्स मोर! मालक विंगेत डोळे पुसत होते. नायक मधेच माझ्यापाशी येऊन म्हणाला, "आज पट्टी जरा खाली वाटतेय का हो?" आणि गफूरभाई तबल्यावरचा हात न थांबवता म्हणाले, "हवा दमट हाय साहेब. कान भरलेत तुमचे."

तू धावत आलीस आणि मला पेटीसकट मिठी मारलीस. "आक्का, काळी पाच! गेली न्हाई! हाय अजून!"

मी म्हणाले, "व्हय. हाय."

त्या संध्याकाळी सांगायचं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, घसा भरून आला की पुढच्या खेपेला हळूच चढवू. पुढच्या खेपेला भीती वाटली. त्याच्या पुढच्या खेपेलाही वाटली. वर्ष गेलं, दुसरं गेलं. संगीत नाटकाला माणसं येईनाशी झाली, कंपनी मिटली, तू ऑर्केस्ट्रात गेलीस. तिथं पेटी कुणालाच नको होती. तू पुन्हा तोच हट्ट धरलास, आणि एवढ्या बाजांच्या गर्दीत मी एका कडेला पेटी घेऊन बसायला लागले. तुझ्या गाण्याचा सूर मात्र मीच द्यायचे. पांढरी सहा. लोक विचारायचे, ताई, पट्टी कुठली? तू छाती काढून सांगायचीस, काळी पाच.

मग कॅसेटचे दिवस आले. मुंबईचा तो स्टुडिओ, काचेच्या पलीकडं तू आणि अलीकडं मी. पेटी बाहेरच ठेवायला लावली होती. आत लांब केसांचा एक माणूस बटणांच्या बाजावर बसला होता. त्यानं विचारलं, "ताई, स्केल?" तू म्हणालीस, "काळी पाच." मी उठले. दार उघडेना, वर तांबडा दिवा लागलेला. काचेवर हात मारला तर एकानं मला खाली बसवलं. खरीखुरी काळी पाच, आणि तुला काहीच माहीत नाही!

तू गायलीस. ती जागा आली. आणि तू वर गेलीस, यशे. वर गेलीस आणि तिथं थांबलीस, आणि अजून वर गेलीस. मी टाळ्या वाजवल्या! टेप चालू असताना! टेक वाया गेला, ते लोक माझ्यावर काय ओरडले. दुसऱ्यांदा गायलीस, पुन्हा तसंच. मी काचेला नाक लावून रडत होते. आनंदानं रडत होते, हे आधी सांगते. दुसरी गोष्ट थोड्या वेळानं ध्यानात आली. तुझा घसा बरा होता. कधीचा बरा होता कोण जाणे. आणि इतकी वर्षं मी तुला अर्धा सूर खाली धरून ठेवलं होतं.

परतीच्या एसटीत तू म्हणालीस, "आक्का, आज वर गेल्यावर लई मोकळं वाटलं. असं कसं?"

मी म्हणाले, "थंड हवेचं मशीन असतं तिथं."

त्यानंतरचा कार्यक्रम नेऱ्याला, जयंतीचा. मी कुणाला न विचारता खरी काळी पाच धरली. तू पहिला सूर ऐकलास आणि वळून माझ्याकडं बघितलंस. गायच्या आधी तू कधी वळायची नाहीस. मग पुढं तोंड केलंस आणि अशी गायलीस की नेऱ्याची माणसं अजून त्या गाण्याची आठवण काढतात. उतरल्यावर म्हणालीस, "आज पेटी बरी लागली." आणि शेंगा मागितल्यास. तुला कळलं होतं का गं? मी शेंगा सोलून दिल्या, पण विचारलं नाही. तूही पुन्हा विषय काढला नाहीस. एवढी भांडखोर बाई तू, आणि हे एकच भांडण केलं नाहीस. आता तर आठ दिवसांच्या तापात तू निघूनच गेलीस.

परवा मंडपात बसले असताना मी मनात म्हणत होते, जे केलं ते तुझ्यासाठी केलं. तुझा घसा वाचावा, तुझं काम टिकावं म्हणून केलं. इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आले. ते खरं नाही, यशे. आज लिहायला बसले ते हे लिहायला. शनिवारी तू हसून म्हणालीस, सरळ घरी जाऊ. तुला घरी नवरा होता, पोर होती, तू घरीही गायली असतीस आणि अख्खी आवणी थांबवली असतीस. मला घरी कुणी नव्हतं. तू थांबलीस की माझी पेटी थांबणार होती. बाईची पेटी तुझ्या हट्टाशिवाय कुणी घेतली नसती, आणि हे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी तुझ्या घशासाठी नाही भ्याले. मला परत जायचं नव्हतं. म्हणून उतरवली पट्टी, आणि तेवढ्याचसाठी पुढंही उतरलेलीच ठेवली.

माफ कर असं म्हणणार नाही. खोटं ठरेल. तो रविवार पुन्हा आला तर मी पुन्हा पांढरी सहाच धरीन. पण तू विंगेत धावत येशील, मिठी मारशील, काळी पाच म्हणून ओरडशील, तेव्हा मी व्हय म्हणणार नाही. तिथल्या तिथं सांगीन तुला. मग तू बोलणं बंद केलंस तरी चालेल.